मधलं दोन सूत

पाव इंचाला कारखान्यात दोन सूत म्हणतात. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये मी तीस वर्षं काढली, त्यामुळे अंतर बोटांनी ओळखायची सवय अंगात मुरली आहे. घरी संगणकावर लढाऊ विमानं उडवायला लागलो त्याला बारा वर्षं होत आली. तेवढ्या काळात तीन जॉयस्टिक झाल्या, पेडलचे दोन जोड झाले, एक खुर्ची कापली, आणि एक गोष्ट पक्की कळली. स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फिरते याला फारसं महत्त्व नाही. मध्यापासून दोन सूत इकडे आणि दोन सूत तिकडे, तेवढ्या जागेत ती हाताचं किती ऐकते यावर सगळं ठरतं.

हिशेब साधा आहे. समोरचं विमान ३०० मीटरवर आहे. आपलं नाक १ अंशानं चुकलं तर गोळ्या ५ मीटर बाजूनं निघून जातात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बीएफ १०९ विमानाची एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी जेमतेम १० मीटर. म्हणजे एक अंश हुकला की मधलं धड हातचं गेलं. तो एक अंश सुधारायला हात किती हलतो? दोन सूतसुद्धा नाही.

शेजारच्या मुलानं बारावीची परीक्षा संपल्यावर विचारलं, "काका, स्टिक कोणती घेऊ?" त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. मग रोज संध्याकाळी थोडं थोडं बोलत गेलो. तेच इथे क्रमानं लिहितो आहे.

१. आधी विमान ठरवा

मी त्याला उलट विचारलं, "तुला उडवायचं काय आहे?" कारण स्टिकची निवड तिथून सुरू होते. महायुद्धातली पंख्याची विमानं आवडत असतील तर बटणं मोजकीच लागतात: तोफा, ट्रिम, फ्लॅप, ब्रेक. पण पायांना क्षणाची उसंत नसते. एफ-१६ किंवा ए-१०सी उडवायचं असेल तर गणित फिरतं. पाय बहुतेक वेळ स्वस्थ असतात आणि दहा बोटांना वीसेक कामं असतात. हेलिकॉप्टरचं तिसरंच. तिथे स्टिकनं मध्यावर ओढून न्यायला नको, जिथे ठेवली तिथे राहायला हवी.

पैसे घालायच्या आधी चव घेता येते. डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर फुकट मिळतो आणि त्यासोबत दोन विमानं येतात: रशियन सुखोई-२५टी आणि मस्टँगचं दोन आसनी, बिनशस्त्र रूप टीएफ-५१डी. एक जेट, एक पंख्याचं. कुणाची तरी जुनी स्टिक मागून आणा आणि दोन्ही महिनाभर उडवा. कशात जीव रमतो ते आपोआप कळतं.

माझा जीव मिग-२१ मध्ये होता. मामा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात फिटर होते. मिग-२१ तिथेच बनायचं. सुट्टीत गेलो की ते जेवताना हातवारे करून त्याच्या गोष्टी सांगायचे. २०१४ साली मिग-२१बिस डीसीएसमध्ये आलं, आणि मी पहिली स्टिक घेतली.

२. मध्यावर परत येते का, आणि दर वेळी त्याच मध्यावर येते का

ती पहिली स्टिक स्वस्तातली होती. दीड वर्ष सुरेख चालली, मग विमान आपोआप डावीकडे कलायला लागलं. विंडोजमध्ये 'गेम कंट्रोलर्स' नावाची खिडकी असते, तिच्यात स्टिकची जागा एका छोट्या फुलीनं दिसते. हात न लावता फुली थरथरत होती. डावीकडे नेऊन हलकेच सोडली की मध्याच्या डावीकडे थांबायची, उजवीकडून सोडली की उजवीकडे. लेथच्या स्लाइडला बॅकलॅश असला की असंच होतं, त्यामुळे रोग ओळखायला वेळ लागला नाही.

तळ उघडला. आत दोन पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतात तसले. आतल्या कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची जीभ घासत फिरते आणि तिच्या जागेवरून विजेचा दाब बदलतो. आपला हात सगळ्यात जास्त वेळ मध्यावर असतो, म्हणून पट्टी झिजते तीही नेमकी मध्यावर. जिथे नेमकेपणा हवा तिथेच खड्डा पडतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन त्याच मापाचे दोन पोटेन्शिओमीटर आणले, डाग देऊन बसवले, आणि स्टिक आणखी वर्षभर चालली.

दुसरी स्टिक घेताना मात्र हॉल सेन्सरची घेतली. यात घासणारं काहीच नसतं. एक छोटं लोहचुंबक स्टिकबरोबर फिरतं आणि समोरचा सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम या प्रकारची आहे. तिचा सेन्सर १४ बिटांचा, म्हणजे एका अक्षावर १६,३८४ पायऱ्या. ८ बिटांत फक्त २५६ मिळतात. ती दोन्ही हातांना चालेल अशी घडवलेली आहे, आणि शेजारचा मुलगा डावखुरा असल्यानं त्याच्यासाठी प्रश्न तिथेच सुटला. बहुतेक चांगल्या मुठी उजव्या हाताच्या साच्यात ओतलेल्या असतात, डावखुऱ्यांनी हे आधी बघावं. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटरलाही बिनघर्षणाचे सेन्सर आहेत आणि तिच्या स्प्रिंगा बदलता येतात. मूठ पिळून रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, चालवण्याची सोय नको असेल तर ती बंदही करता येते.

एक बारीक गोष्ट तपासून घ्या. पुष्कळ स्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवी या हालचालींना हॉल सेन्सर असतो, पण मूठ पिळायच्या अक्षाला साधा पोटेन्शिओमीटरच असतो. वेष्टनावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं सगळ्या अक्षांना लागू असतंच असं नाही.

३. स्टिक टेबलावर ठेवू नका

माझ्या बारा वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा स्टिक बदलून झाली नाही, स्टिकची जागा बदलून झाली.

टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर स्टिकचा तळ, त्यावर मूठ. मूठ धरेपर्यंत हात छातीच्या उंचीला जातो. खांदा उचललेला राहतो, कोपर हवेत लटकतं आणि सगळी हालचाल मनगटातून होते. वीस मिनिटांत खांद्यापासून मानेपर्यंत कळ येते. आणि दमलेल्या मनगटाला ते मधलं दोन सूत सापडत नाही.

खऱ्या विमानात काय असतं ते बघा. मिग-२१, मस्टँग, स्पिटफायर, या सगळ्यांत स्टिक दोन गुडघ्यांच्या मध्ये. वैमानिकाचा हात मांडीवर टेकतो. मांडी म्हणजे हाताचा टेकू, आणि टेकू असला की हात हवा तेवढाच हलतो. फाइल मारताना आपण कोपर अंगाला टेकवतो, त्यातलाच प्रकार. एफ-१६ मध्ये स्टिक उजव्या बाजूला आहे, पण तिथेही हात टेकायला आधार दिलेला आहे. हात अधांतरी सोडलेला कुठेच नाही.

मग ठरवलं की स्टिक गुडघ्यांमध्ये घ्यायची. आमच्या ओळखीच्या सुतारानं १८ मिलिमीटरच्या प्लायची एक फळी कापून दिली. एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला, फळी त्यावर बोल्टनं आवळली आणि सांगाडा खुर्चीच्या सीटखाली पक्का केला. पहिल्याच दिवशी दोन अडचणी कळल्या. एक म्हणजे स्टिक पूर्ण मागे ओढली की मूठ पोटाला लागायची. लढाईत नाक वर ओढायचं तर स्टिक पूर्ण मागे यायलाच हवी. दुसरी म्हणजे तळाची मागची कड सीटच्या पुढच्या काठावर आपटायची. म्हणून सीटच्या पुढच्या काठाचा मधला भाग, वीतभर रुंद आणि चार बोटं खोल, करवतीनं कापून काढला आणि कडेला रेक्झिन पुन्हा शिवून घेतलं. खुर्ची कापताना घरात कुणालाच बरं वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण त्या रात्री मस्टँग घेऊन वर गेलो आणि पहिल्यांदा जाणवलं की स्टिक हातात आहे हेच मी विसरलो होतो.

माप लक्षात ठेवा. पूर्ण मागे ओढल्यावर मूठ आणि पोट यांच्यात चार बोटं जागा राहावी. मध्यावर असताना कोपर काटकोनापेक्षा जरा उघडं असावं आणि मनगटाचा आतला भाग मांडीवर अलगद टेकावा. एवढं जमलं की बाकी अर्धं काम झालं.

ज्यांना वेल्डिंग शक्य नाही त्यांनी निदान टेबलाच्या कडेला लावायचा शिकंजा घ्यावा आणि स्टिक टेबलाच्या पातळीखाली आणावी. तेही नाही तर खुर्ची उंच करा आणि पायाखाली पाट घ्या. काहीही करा, पण खांदा खाली आला पाहिजे. आणि तळ घट्ट हवा. हाताच्या जोराबरोबर तळच सरकत असेल तर सेन्सर कितीही भारी असला तरी वाया.

४. दांडा लांबवला की जोर घटतो

स्टिक मांड्यांमध्ये खाली गेली की मूठ फार खाली राहते, म्हणून मधे एक नळी घालून दांडा लांबवतात. याचा फायदा कागदावर मांडता येतो. मूठ सांध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल तर १ अंशासाठी हात साडेतीन मिलिमीटर हलतो. ३० सेंटिमीटरवर नेली की सव्वापाच मिलिमीटर. म्हणजे त्याच एका अंशाला हाताला दीडपट जागा मिळाली. मधलं दोन सूत तीन सूत झालं.

पण तरफेचा नियम दुसऱ्या बाजूनंही लागतो. दांडा दीडपट झाला की त्याच स्प्रिंगचा जोर हाताला दोन तृतीयांशच लागतो. वर जड मूठ असेल तर ती स्वतःच्या वजनानं एका बाजूला कलंडून राहते, मध्यावर येतच नाही. म्हणून दांडा लांबवला की स्प्रिंग जड हवी.

माझी तिसरी स्टिक म्हणजे थ्रस्टमास्टरची वॉरथॉग, ए-१०सी विमानाच्या मुठीची नक्कल, २०१० साली बाजारात आलेली. धातूची मूठ आणि जड स्प्रिंग, त्यामुळे लांब दांड्याला ती छान बसते. मुठीचा आटा ३६ मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर पिचचा. भोसरीतल्या माझ्या जुन्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. अ‍ॅल्युमिनियमची १० सेंटिमीटरची नळी, एका टोकाला आतला आटा, दुसऱ्या टोकाला बाहेरचा. आतून पोकळ, कारण पाच पिनांची वायर मुठीपर्यंत न्यायची. त्यानं आटा पाडताना तीनदा मूठ लावून पाहिली. चौथ्या वेळी ती शेवटपर्यंत अशी गेली की दोघंही काही बोललो नाही. हललं तर त्या आट्यातच हलणार होतं, आणि तिथे हललं असतं तर मूठ सरळ असूनही विमानाला वाकडं कळलं असतं.

५. पायांचं काम पायांना द्या

मूठ पिळून रडर चालवणं शिकताना ठीक आहे. पण स्टिक मागे ओढत असतानाच मनगट पिळलं की थोडं डावी-उजवीकडे जाणारच. हाडांची रचनाच तशी आहे. निशाण धरलेलं असताना हा गोंधळ घातक ठरतो.

टीएफ-५१डी चं उड्डाण करून बघा. मस्टँगचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो आणि जोर दिला की नाक डावीकडे खेचतं. म्हणून उड्डाणाआधी रडर ट्रिम उजवीकडे पाच-सहा अंश लावतात, स्टिक मागे धरून शेपटीचं चाक रडरशी जखडून ठेवतात आणि थ्रॉटल सावकाश पुढे नेतात. वेग वाढत जातो तसा उजवा पाय क्षणाक्षणाला थोडा दाबायचा, थोडा सोडायचा. हे पायानं शिकलो तेव्हा मला पहिल्यांदा विमानाचं वजन कळलं.

पेडल घेतल्यावर दोन गोष्टी लगेच करा. चाकांची खुर्ची असेल तर चाकं काढा, नाहीतर पेडल दाबलं की खुर्चीच मागे पळते. आणि पेडलमागे भिंतीला टेकवून एक लाकडी पट्टी द्या. फरशीवर ती घसरतातच.

ब्रेकचं आधी बघून ठेवा. मस्टँगमध्ये ब्रेक पेडलच्या टोकाला असतो, चवड्यानं दाबायचा. मिग-२१ आणि स्पिटफायरमध्ये तसं नाही. तिथे स्टिकवरच ब्रेकचा दांडा असतो आणि तो दाबून ज्या पायाचं पेडल पुढे, त्या बाजूचं चाक जास्त धरतं. त्यामुळे या दोन विमानांसाठी स्टिकवरचा एखादा दाबायचा दांडा राखून ठेवावा.

६. कर्व्ह म्हणजे उसनवारी

२० जानेवारी १९७४. कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. एफ-१६ चा पहिला नमुना, वायएफ-१६, धावपट्टीवर नुसता वेगानं पळवून बघायचा होता. उडवायचा नव्हता. वैमानिक होते फिल ओस्ट्रिकर. विमान डावी-उजवीकडे डोलायला लागलं. हातानं सावरायला जावं तर डोलणं आणखी वाढायचं. शेपटीचा भाग जमिनीला घासला, विमान धावपट्टीवरून भरकटायला लागलं, आणि ओस्ट्रिकरनी ठरवलं की आता वर नेणंच सुरक्षित. सहा मिनिटं हवेत राहून त्यांनी ते सुखरूप उतरवलं. अधिकृत पहिलं उड्डाण २ फेब्रुवारीला झालं, पण खरं पहिलं हे. कारण सापडलं ते असं की डावी-उजवी हालचाल फार संवेदनशील ठेवली होती. त्या विमानाची स्टिक हलतच नव्हती, फक्त हाताचा दाब मोजत होती. पुढे वैमानिकांच्या सांगण्यावरून तिला पाव इंचाच्या आसपास हालचाल दिली गेली. म्हणजे दोन सूत! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं.

आपल्या घरच्या सेटिंगमध्ये कर्व्ह असते ती याच रोगावर. कर्व्ह वाढवली की मध्याजवळ स्टिक शांत होते. पण ती शांतता कुठून तरी आणलेली असते. मध्यावर जेवढं कमी केलं तेवढं टोकाला वाढतं, आणि स्टिक अर्ध्याच्या पुढे गेली की विमान एकदम उसळतं. घट्ट वळणात, जिथे पंख थरथरत असतात आणि एका केसाच्या फरकानं विमान गटांगळी खाऊ शकतं, तिथे ती उसनवारी वसूल होते.

माझे आकडे सांगतो, पण हे माझ्या हाताचे आहेत. टेबलावरच्या आखूड स्टिकला डीसीएसमध्ये कर्व्ह १५ ते २०. लांब दांड्याला शून्य, कारण त्याला जागाच पुरेशी मिळालेली असते. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची मेलेली जागा, फुली जेवढी थरथरते तेवढीच. चांगल्या हॉल सेन्सरला शून्य. पेडलना ३ ते ५, कारण पाय नुसते टेकवले तरी थोडा दाब पडतो. मधलं दोन सूत कमावण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि त्यातलंच एक सूत डेडझोनला देऊन टाकायचं, हे मला पटत नाही. सॅच्युरेशनला हात लावू नका. त्यातलं वाय कमी केलं की पूर्ण ओढूनही विमानाला पूर्ण मिळत नाही.

७. एका अक्षाला एकच मालक

पेडल आणली त्या आठवड्यात ब्रेक दाबला की विमानाचं नाक खाली जायला लागलं. मला वाटलं स्प्रिंग गेली. दोन संध्याकाळी स्टिक उघडून बसलो. स्प्रिंग ठणठणीत. शेवटी सेटिंगचं पान रांगेनं वाचत गेलो तेव्हा दिसलं: नवं यंत्र जोडल्यावर सिम्युलेटरनं आपणहून त्याचा ब्रेकचा अक्ष नाक वर-खाली करायलाही जोडून टाकला होता. हाताचं आणि पायाचं, दोन्ही हुकूम एकाच वेळी पोचत होते.

नवं काहीही जोडलं की चार ओळी तपासा: पिच, रोल, रडर, थ्रॉटल. प्रत्येकीसमोर एकच यंत्र हवं. मग त्या सेटिंगची फाइल वेगळ्या जागी जपून ठेवा. यूएसबीचं भोक बदललं तरी कधी कधी सगळं नव्यानं करावं लागतं. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवण्याची सोय असते, ती बंद करा.

८. बटण बोटाचं असतं, विमानाचं नाही

ए-१०सी बनवताना अमेरिकनांनी नवी मूठ घडवली नाही. स्टिकची मूठ एफ-१६ ची घेतली आणि थ्रॉटल एफ-१५ई चा. एका विमानावर बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालावा, यातलं शहाणपण मला फार आवडतं.

घरी मी तेच करतो. विमान कुठलंही असो, अंगठ्याखालचं वरचं हॅट (चारही दिशांना ढकलता येणारं बटण) म्हणजे ट्रिम. करंगळीखालचा दांडा म्हणजे ब्रेक. अंगठ्याच्या बाजूचं हॅट पुढे ढकललं की लक्ष्य धरणं, मागे ओढलं की सोडणं. एफ-१६ मध्ये लक्ष्याच्या हॅटचा हाच नियम आहे आणि मी तो मिग-२१ लाही लावला. डाव्या हातात एअरब्रेक, फ्लॅप, माइक आणि क्षेपणास्त्र चुकवायच्या ज्वाला. चाकं, दिवे, छत यांना कीबोर्ड पुरतो. लढाईत त्यांची घाई नसते.

हात बसला की नाही हे तपासायची आमची रीत अशी: मी डोळे मिटायचो आणि मुलगी नावं पुकारायची. "ट्रिम वर! लक्ष्य सोड! ज्वाला!" ती तेव्हा सहावीत होती. आठवडाभरात तिलाही सगळं पाठ झालं.

९. ट्रिम सावकाश

खऱ्या मस्टँगमध्ये ट्रिम केलं की स्टिक स्वतःच नव्या जागी विसावते. आपली स्प्रिंग मात्र नेहमी त्याच मध्यावर ओढते. म्हणून आधी नाक जिथे हवं तिथे हातानं धरा, मग ट्रिम एकेक टिचकी द्या आणि हात त्याच गतीनं ढिला सोडत मध्यावर या. घाईत ट्रिम बराच वेळ दाबून धरलं की विमान लाटा खायला लागतं. ट्रिम केलेल्या विमानात हात मध्यावर असतो, आणि बारीक काम तिथेच होतं.

१०. मान मोकळी करा

महाग स्टिकच्या आधी डोकं टिपायची सोय करा. ट्रॅकआयआर विकत मिळतं, ओपनट्रॅक नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि साध्या वेबकॅमवरही चालतो. बघायचं काम मानेनं केलं की अंगठ्यावरचं एक हॅट मोकळं होतं. शत्रू मागे आहे हे वळून बघता आलं नाही तर हातातलं कौशल्य काय कामाचं?

११. एका वेळी एकच बदल

टूलरूममध्ये दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुठली ते कळत नाही. इथेही तसंच. माझी चाचणी ठरलेली आहे. टीएफ-५१डी, २००० मीटर उंची, दोन मिनिटं सरळ आणि समपातळीत. मग ४५ अंशांचं वळण, उंची न बदलता, एक पूर्ण फेरी. मग दूरचं एक हँगर निवडून त्याच्या दारावर हलका सूर मारायचा आणि नाकाच्या टोकाची रेघ दारावर धरून ठेवायची.

रेघ कशी चुकते त्यावरून दोष कळतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरानं झुलत असेल तर मध्याजवळ संवेदना जास्त आहे किंवा मूठ फार आवळली आहे. आधी हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते, तर डेडझोन जास्त आहे किंवा सांधा कोरडा पडला आहे. एकाच बाजूला सावकाश वाहत जात असेल तर ट्रिम.

माझ्या बाबतीत पहिल्या दोषाचं कारण माझ्या मुलीनं शोधलं. मी हँगरवर निशाण धरून बसलो होतो, कर्व्ह तीनदा बदलून झाली होती. ती मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, तू श्वास रोखून धरलायस." खरंच धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. श्वास सोडला, तीन बोटांनी मूठ नुसती धरली, आणि रेघ दारावर थांबली. तेव्हापासून वहीत प्रत्येक चाचणीपुढे एक रकाना आहे: श्वास.

१२. खंडेनवमीला तळ उघडायचा

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं पुसून, तेलपाणी करून त्यांची पूजा व्हायची. घरी मी स्टिकचं तेच करतो. तळाचे स्क्रू काढायचे, सांध्यावरचं काळं पडलेलं ग्रीस कापसानं पुसायचं, प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावायचं, स्प्रिंगची लांबी मोजून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडायची, दांड्याचा आटा हलतो का ते बघायचं. मग झेंडूचं फूल.

२०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ नं हवाई दलाचा निरोप घेतला. मामा आता नाहीत. त्या रात्री त्यांची आठवण काढून मिग-२१ बिस घेऊन एकटाच वर गेलो, पडद्यावरचा सूर्य मावळेपर्यंत उडत राहिलो आणि ब्रेकचा दांडा हलकेच दाबत उतरलो. आठवड्याच्या आत खंडेनवमी आली. शेजारचा मुलगा आपली टी.१६०००एम कापडात गुंडाळून घेऊन आला. डाव्या हाताची मूठ, अजून नवी कोरी. उघडायची गरजच नव्हती, तरी त्याला आतलं चुंबक बघायचं होतं. बघून झाल्यावर त्यानं फुली असलेली खिडकी उघडली, स्टिक डावीकडून सोडली, उजवीकडून सोडली, पुन्हा सोडली. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून लिहिलं: मध्य बरोबर येतो, उजवीकडून किंचित उशिरा.

पुढच्या रविवारी पुन्हा बघणार आहोत.